राजाश्रयाची दंतकथा: मालुकूचा नकाशा, एस्कोरिअलची कपाटे आणि गोव्याचा वैद्य

१/
इतिहासप्रेमी तरुणांच्या चर्चेत एक विधान ठरावीक अंतराने उगवते: युरोपच्या राजांनी विज्ञानाला आश्रय दिला, म्हणून युरोपने जग धुंडाळले. विधान आटोपशीर आहे, पाठ करायला सोपे आहे, आणि अर्धेच खरे आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ बहुधा सोळाव्या शतकातील स्पेन व पोर्तुगाल यांचीच नावे घेतली जातात. तेव्हा त्याच दोन दरबारांत ते तपासून पाहणे उचित.

२/
प्रथम पूर्वपक्ष, तोही पूर्ण बळानिशी. १५०३ मध्ये कास्तीलच्या राजसत्तेने सेव्हिल येथे 'कासा दे कोंत्रातासिओन' ही समुद्रपार व्यापाराची कचेरी स्थापन केली. १५०८ मध्ये अमेरिगो वेस्पुचीची तेथे प्रमुख नाविक म्हणून नेमणूक झाली. नाविकांची परीक्षा घेणे आणि 'पाद्रोन रेआल' हा अधिकृत राजनकाशा नव्या माहितीने सुधारत राहणे, ही त्याच्याकडील कामे. परतलेल्या प्रत्येक नाविकाने आपली निरीक्षणे तेथे सादर करावीत, असा दंडक होता.

३/
पोर्तुगालही मागे नव्हता. पेद्रो नुनेश या गणितज्ञाने १५३७ मध्ये दाखवून दिले की, होकायंत्राची एकच दिशा धरून चालणारे जहाज पृथ्वीच्या गोलावर सर्वांत जवळच्या मार्गाने जात नाही. १५४७ मध्ये तो राज्याचा मुख्य विश्वरचनाकार झाला. हे सगळे पगारी, शिस्तबद्ध आणि खरे विज्ञान होते. ते नाकारणे हा दुसऱ्या टोकाचा अडाणीपणा ठरेल. राजसत्तेने पैसा खर्च केला, यात वाद नाही. वाद आहे तो त्या पैशाने तिने काय विकत घेतले, याविषयी.

४/
याचे उत्तर मालुकूच्या बेटांत सापडते. १४९४ च्या तोर्देसियास तहाने केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेला ३७० लीग अंतरावर उत्तर-दक्षिण रेषा कल्पिली गेली. रेषेच्या पूर्वेचे नवे प्रदेश पोर्तुगालचे, पश्चिमेचे कास्तीलचे. अटलांटिकपुरते हे ठीक होते. परंतु पृथ्वी गोल आहे. पूर्वेकडून निघालेले पोर्तुगीज आणि पश्चिमेकडून निघालेले कास्तीलचे लोक पलीकडे कोठेतरी समोरासमोर येणारच होते. ते आले तेथे लवंग पिकत होती.

५/
मॅगेलन मूळचा पोर्तुगीज. स्वदेशाच्या राजाकडे डाळ शिजली नाही, तेव्हा तो कास्तीलच्या दरबारी गेला आणि मालुकू कास्तीलच्याच वाट्यात येतात, असा दावा त्याने मांडला. १५१९ मध्ये पाच जहाजे निघाली. १५२१ मध्ये मॅगेलन मक्तानच्या लढाईत मारला गेला. ६ सप्टेंबर १५२२ रोजी 'व्हिक्टोरिया' हे एकच जहाज एल्कानोच्या हाताखाली लवंग घेऊन परतले. त्यावर १८ जण उरले होते. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली होती. दरबाराला हवे असलेले उत्तर मात्र हाती आले नव्हते: बेटे कोणाची?

६/
१५२४ च्या वसंतात दोन्ही राज्यांचे खगोलज्ञ, नाविक आणि कायदेपंडित सीमेवरच्या बादाहोस व एल्वास या नगरांत जमले. कास्तीलच्या बाजूने कोलंबसचा पुत्र फेर्नांदो होता, प्रदक्षिणा करून आलेला एल्कानोही होता. शास्त्राला न्यायासनावर बसवण्याचा असा थाट त्या काळी विरळाच. आठवड्यांमागून आठवडे वाद चालला आणि निर्णय न होताच सभा उठली.

७/
निर्णय का झाला नाही, हे समजण्यासाठी थोडे गणित हवे. अक्षांश काढणे सोपे होते: ध्रुवताऱ्याची किंवा मध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजली की पुरे. रेखांशाचे तसे नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणून दोन ठिकाणांचे रेखांशांतर म्हणजे त्यांच्या स्थानिक वेळांतील फरक. तो मोजायचा तर निघाल्या बंदराची वेळ अचूक राखणारे घड्याळ जहाजावर हवे. महिनोन्महिने हेलकावणाऱ्या जहाजावर टिकेल असे घड्याळ घडायला अठरावे शतक उजाडावे लागले.

८/
आजच्या मापाने तोर्देसियासची रेषा पृथ्वीला वळसा घालून पलीकडे नेली, तर मालुकू पोर्तुगालच्या हद्दीत साधारण सहा अंश आत पडतात. सहा अंश म्हणजे २४ मिनिटांचा फरक. अर्ध्या पृथ्वीच्या प्रवासानंतर २४ मिनिटांचा हिशेब वाळूच्या घड्याळांनी आणि अंदाजाने कोण देणार? प्रामाणिक उत्तर एकच होते: आज हे सांगता येत नाही. तेच उत्तर राजांना नको होते.

९/
मग शास्त्राने जे सांगितले नाही, ते नकाशांनी सांगितले. दिओगो रिबेरो हाही जन्माने पोर्तुगीज, पण चाकरी कास्तीलच्या राजाची. त्याच्या १५२९ च्या भव्य जगनकाशावर मालुकू कास्तीलच्या हद्दीत आहेत. तो कारागीर अव्वल होता. त्याच्या नकाशातील अमेरिकेचा किनारा पाहून आजही थक्क व्हावे. जेथे मोजमाप होते तेथे त्याचा हात अचूक चालला. जेथे मोजमाप संपले तेथून पुढे धन्याचे हित सुरू झाले.

१०/
त्याच १५२९ मध्ये सारागोसा येथे तह झाला. फ्रान्सशी चाललेल्या युद्धाने रिकाम्या झालेल्या तिजोरीपोटी कार्लोसने मालुकूवरील हक्क ३,५०,००० दुकातांना पोर्तुगालच्या जुआंवला गहाण टाकला. दोघे एकमेकांच्या बहिणींचे पती. व्यवहार घरातल्या घरात मिटला. पोर्तुगालने आपल्याच वाट्याच्या बेटांसाठी पैसे मोजले आणि कास्तीलने जे आपले नव्हते ते विकले. तेर्नाते व तिदोरेच्या सुलतानांना कोणी विचारलेही नाही. रेखांशाचा प्रश्न जेथे होता तेथेच राहिला, कारण त्याची निकड संपली होती.

११/
येथे पहिला निष्कर्ष निघतो. राजसत्ता संशोधनाला पैसा देते, पण प्रश्नाची चौकट स्वतःच्या हाती ठेवते. तिला बेटाचे रेखांश नको होते, बेट हवे होते. हे ध्यानात घेतले की पुढचे कोडे आपोआप सुटते: एवढ्या खर्चाने मिळवलेले ज्ञान याच राजांनी कडीकुलपात का ठेवले?

१२/
फिलिप दुसरा हा राजाश्रयाच्या समर्थकांचा लाडका. त्याच्या काळात लोपेस दे वेलास्को या दरबारी विश्वरचनाकाराने अमेरिकेतील वसाहतींत ५० कलमांची प्रश्नावली धाडली. १५७७ व १५७८ च्या चंद्रग्रहणांच्या वेळा ठिकठिकाणी टिपून रेखांश काढण्याची योजना आखली. कल्पना उत्तमच होती, कारण ग्रहण सर्वत्र एकाच क्षणी लागते. परंतु याच वेलास्कोने १५७४ मध्ये सिद्ध केलेला अमेरिकेच्या भूगोलाचा ग्रंथ राजगुपित ठरला. तो छापला गेला १८९४ मध्ये, ३२० वर्षांनी. तोवर ते साम्राज्य जवळजवळ संपले होते.

१३/
वैद्य फ्रान्सिस्को एर्नांदेस याची कथा अधिक करुण आहे. १५७० मध्ये फिलिपने त्याला मेक्सिकोच्या वनस्पतींची नोंद करण्यास पाठवले. सहासात वर्षे तो रानोमाळ हिंडला. नहुआ वैद्यांनी त्याला औषधांचे गुण सांगितले, नहुआ चित्रकारांनी चित्रे काढली. तीन हजारांहून अधिक वनस्पतींची वर्णने, बहुतेकींची नावे नहुआ भाषेत. १५७६ मध्ये त्याने १६ खंड राजाकडे रवाना केले.

१४/
खंड एस्कोरिअलच्या राजग्रंथालयात गेले, शोभून दिसले आणि तेथेच राहिले. संक्षेप करण्याचे काम नार्दो रेक्की नावाच्या दुसऱ्याच वैद्याला दिले गेले. आपला ग्रंथ छापलेला न पाहताच एर्नांदेस १५८७ मध्ये वारला. १६७१ च्या आगीत ते खंड भस्मसात झाले. आज त्या कामातले जे उरले आहे, ते मेक्सिकोत १६१५ मध्ये व रोममध्ये १६५१ मध्ये छापल्या गेलेल्या संक्षेपांमुळे आणि एर्नांदेसने मागे ठेवलेल्या मसुद्यांमुळे. राजाच्या कपाटात गेले ते जळाले. कपाटाबाहेर राहिले ते वाचले.

१५/
आता गोवा. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये येथे आला. त्याचे आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले, सक्तीने ख्रिस्ती झालेले ज्यू. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे त्याचे वैद्य म्हणून जाणेयेणे होते. मुंबई बेटही एके काळी त्याच्याकडे खंडाने होते. बाजारातले व्यापारी, हकीम, वैद्य यांना विचारून आणि स्वतः पाहून त्याने हिंदुस्थानातील औषधींवर संवादरूप ग्रंथ लिहिला. गॅलेनादी प्राचीन आचार्यांशी पाहणी जुळत नसेल, तर त्याने पाहणीचा पक्ष घेतला. १५६३ मध्ये तो ग्रंथ गोव्यातच छापला गेला.

१६/
ज्या राजसत्तेच्या जहाजातून ओर्ता आला, तिच्याच मागणीवरून १५३६ मध्ये पोर्तुगालमध्ये धर्मन्यायालय स्थापन झाले होते. १५६० मध्ये त्याची शाखा गोव्यात आली. ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपाखाली जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. आशियातील वनस्पतींचे जे आद्य छापील शास्त्रीय ग्रंथ युरोपीय भाषांत झाले, त्यांतील एकाच्या कर्त्याला त्याच्या साम्राज्याने दिलेला हा सन्मान.

१७/
ग्रंथ मात्र निसटला होता. क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप १५६७ मध्ये अँटवर्प येथे छापला आणि ओर्ता युरोपभर वाचला गेला. गोव्यातूनच दुसरी फूट झाली. लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ पासून गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी चिटणीस होता. पोर्तुगीजांचे जपलेले सागरी मार्ग त्याने टिपून घेतले आणि मायदेशी जाऊन १५९५-९६ मध्ये छापले. शतकभर राखलेले गुपित पुस्तकाच्या दुकानात आले. काही वर्षांतच डच जहाजे मालुकूला पोचली.

१८/
डच धुतल्या तांदळासारखे नव्हते. त्यांच्या कंपनीनेही पुढे नकाशे दडवले आणि मसाल्यांपायी बेटे रक्ताने भिजवली. तेव्हा राजा गेला, कंपनी आली, एवढ्याने ज्ञान मुक्त झाले असे म्हणता येत नाही. दिसते ते इतकेच: मालक कोणीही असो, ज्ञान पुढे सरकले ते त्याची मूठ जेथे सैल पडली तेथे.

१९/
"पण राजाच्या पैशाविना जहाजे निघालीच नसती ना?" आक्षेप रास्त आहे. जहाजे निघाली नसती. परंतु जहाज निघणे आणि विज्ञान वाढणे या दोन गोष्टी एक नव्हेत. विज्ञान वाढते ते दुसऱ्याने तपासल्याने, खोडल्याने, सुधारल्याने. त्यासाठी लिखाण दुसऱ्याच्या हाती पडावे लागते. १५५९ मध्ये आपल्या प्रजाजनांना मोजकी ठिकाणे वगळता परदेशी विद्यापीठांत शिकण्यास बंदी करणारा राजा हाच फिलिप होता. त्याने वेधशाळेचा खर्च केला असता, तरी तिच्या खिडक्या बंदच राहिल्या असत्या.

२०/
या दंतकथेला आपल्याकडे एक शेपूट जोडले जाते: "आपल्या राजांनी असा आश्रय दिला असता, तर?" अहमदनगरच्या दरबारात तो होता. ओर्ता आणि निजामशहा एकमेकांना औषधांची अरबी व लॅटिन नावे शिकवत होते. तेथे हकीम होते, वैद्य होते, ग्रंथ होते, जिज्ञासू राजाही होता. नव्हता तो छापखाना. गोव्यात तो १५५६ मध्ये आला होता. म्हणून अहमदनगरात झालेली चर्चाही आज आपल्याला कळते ती गोव्यात छापलेल्या पुस्तकातून. निजामशहाच्या हकिमांना काय ठाऊक होते, त्यातले बरेचसे आता कधीच कळणार नाही.

२१/
तेव्हा कोणत्याही दरबाराचे, कोणत्याही देशातले, गोडवे ऐकताना श्रोत्याने एवढे विचारावे: प्रश्न कोणी ठरवला, माहिती कोणी पुरवली, आणि उत्तर कोणाला वाचता आले? एर्नांदेसच्या बाबतीत ही उत्तरे अशी: राजाने, नहुआ वैद्यांनी, जवळपास कोणालाच नाही. याला राजाश्रय म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. पण मग एस्कोरिअलमधली राखही त्याच आश्रयाच्या खात्यावर मांडावी लागेल.