दोन वशिंडांचा काटकसरी उंट

आंबा घाटावरून पाऊस उतरू लागला, की आमच्या मलकापुरातील अंगणे सूर्याला पारखी होतात. अशाच एका झडीच्या संध्याकाळी, लडाखातील नुब्रा खोरे पाहून आलेल्या आमच्या पुतण्याने ओसरीवर मुलांना तेथील दोन वशिंडांच्या उंटांची छायाचित्रे दाखविली. ‘आजोबा, या दोन्हींत पाणी भरलेले असते ना?’ असे धाकट्या नातीने विचारले, आणि आम्हीही सवयीने ‘होय’ म्हणून गेलो. मागाहून पुस्तके उघडून पाहता आमचे उत्तर चुकीचे ठरले. वडीलधाऱ्यांची चूक मुलांच्या मनात कायमची रुजते, म्हणून ती येथे दुरुस्त करीत आहो.

वशिंड ही पाण्याची नव्हे, चरबीची कोठी आहे. चारा मिळेनासा झाला म्हणजे उंट तिच्यावर दिवस काढतो. कोठी रिती झाली की वशिंड लुळे पडून एका अंगास कलते. चरबी शरीरात जळताना काही पाणी उत्पन्न होते, हे खरे. परंतु ती जाळण्यासाठी जादा श्वास घ्यावा लागतो आणि त्याबरोबर ओलावाही बाहेर जातो. तेव्हा या व्यवहारात पाण्याची शिल्लक अशी उरत नाही.

मग तहान निभते कशी? खर्च आवरून! उंटाचे मूत्र दाट असते, लेंड्या कोरड्या असतात आणि उच्छ्वासातील बराच ओलावा नाकातच अडविला जातो. शरीराच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याइतके पाणी घटले तरी तो तग धरतो, आणि पाणवठा लाभताच काही मिनिटांत शंभर लिटर पिऊन ती तूट भरून काढतो. त्याच्या रक्तपेशी लंबगोल असल्याने एवढ्या पाण्यानेही त्या फुटत नाहीत.

दोन वशिंडांच्या जातीस थंडीही सोसावी लागते. तिच्या मूळ प्रदेशात, मध्य आशियात, हिवाळ्यात पारा उणे 40 अंशांपर्यंत उतरतो. त्यासाठी अंगावर दाट लोकर येते व उन्हाळ्याच्या तोंडाशी ती झुबक्यांनी गळून पडते. यारकंद व लेह यांमधील व्यापारी तांड्यांबरोबर हे उंट नुब्रेत आले. 1950 च्या सुमारास तो व्यापार बंद पडला आणि कित्येक उंट मागेच राहिले. काटेरी झुडपे खाऊन त्यांनी वंश टिकविला. आज हुंदरच्या वाळूत ते प्रवाशांना पाठीवर फिरवितात. गोबीच्या वाळवंटातील त्यांचे रानटी भाऊबंद मात्र जगात सुमारे हजारच उरले आहेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही नातीला आमची चूक सांगितली. ती क्षणभर विचारात पडली. ‘म्हणजे तो पाणी साठवीत नाही, वाया घालवीत नाही,’ एवढेच म्हणाली. बाहेर पागोळ्यांचे पाणी गटारातून वाहून चालले होते. वैशाखात आमच्याच आडाचा तळ दिसतो, याची आम्हांस आठवण झाली. यंदा त्या पागोळ्यांखाली पन्हळ लावून पाणी आडाकडे वळविण्याचे घरात ठरले आहे.