शुद्ध खवा आणि मधुमेही आजोबा

सणासुदीच्या दिवसांत दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘खवा शुद्ध आहे, साखरही घातलेली नाही, मग आजोबांना चालेल ना?’ कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि आपल्या जिल्ह्याचा मान वाढला. परंतु खव्याची शुद्धता आणि मधुमेह्यासाठी त्याची योग्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत.

प्रथम शुद्धता पाहू. भेसळीसाठी खव्यात मैदा, बटाटा यांसारखे पिष्टमय पदार्थ मिसळले जातात. चमचाभर खवा थोड्या पाण्यात उकळावा, पूर्ण थंड होऊ द्यावा आणि त्यात टिंक्चर आयोडिनचे दोन-तीन थेंब टाकावेत. निळा रंग आला, तर पिष्ट आहे असे समजावे. मिश्रण गरम असताना हा रंग दिसत नाही, म्हणून थंड करणे आवश्यक. तपासलेला नमुना फेकून द्यावा. तो कोणाच्याही पोटात जाता कामा नये. संशय आल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी; अंतिम निर्णय प्रयोगशाळेचाच.

पिष्ट चवीला गोड नसते, तरी ते ग्लुकोजचीच लांब साखळी असते. ज्वारीच्या भाकरीचा घास सावकाश चावत राहिलात, तर तो हळूहळू गोडसर लागू लागतो. लाळेतील अमायलेज नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम, ही साखळी तोडू लागते. पुढे स्वादुपिंडातील आणि आतड्यातील विकरे उरलेले काम पूर्ण करतात आणि ग्लुकोज रक्तात उतरते.

आता समजा, आयोडिनचा रंग बदलला नाही. तरीही खवा साखरमुक्त ठरत नाही. दुधातील नैसर्गिक साखर, लॅक्टोज, आयोडिनला दिसत नाही. सुमारे पाच लिटर दूध आटवावे तेव्हा किलोभर खवा मिळतो; त्यामुळे शंभर ग्रॅम खव्यात वीस ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज असते. ‘शुगर-फ्री’ पेढ्यातही ते असतेच. लॅक्टेज हे विकर त्याचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन भाग करते. प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते, जशी प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी. वयाबरोबर अनेकांत लॅक्टेज कमी होते. मग न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि पोटफुगी, गुडगुड, जुलाब सुरू होतात. अशा व्यक्तींना दुधापेक्षा दही बहुधा सोसते, कारण विरजणातील जीवाणू काही लॅक्टोज आधीच संपवतात.

शुश्रूषा करणाऱ्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. साखर वाढलेली दिसताच ज्येष्ठांवर ‘चोरून गोड खाल्ले’ असा आळ घेऊ नका. ‘बिनसाखरेचा’ म्हणून आपणच दिलेला पेढाही त्याला कारण असू शकतो. आणि पेढा खाल्ला म्हणून गोळी किंवा इन्सुलिनची मात्रा स्वतःहून वाढवू नका. वृद्धांमध्ये साखर एकाएकी उतरणे अधिक घातक ठरते. सणाला लहानसा तुकडा द्यायचा असेल, तर तो जेवणाचा भाग समजून द्यावा, त्या वेळी भात किंवा भाकरी तेवढी कमी वाढावी आणि आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे.