टाक आणि टांगणारे

दिवाळीची झाडलोट निघाली की झिजलेले टाक मोडीत घालायचे, ही चाल हल्ली बोकाळली आहे; आणि सोनाराच्या तराजूपाशी संग्राहक टपलेलाच! खंडोबा, भवानी, कुणाच्या तरी पूर्वजाचा वीर, सारे एका चौकटीत बसवून तो दिवाणखान्यात टांगतो. याला आम्ही कलाप्रेम म्हणणार नाही. खंडोबाचा टाक जेजुरीला देवभेटीला जातो, लग्नकार्यात पुढे बसतो. त्याला घर असते.

कुणी म्हणेल, आटण्यापेक्षा भिंत बरी. कबूल! पण मग घराणे, गाव, कुळाचार टिपून ठेवायला काय होते? पुण्याच्या दिनकर केळकरांनी दारोदार हिंडून दिवे-अडकित्ते जमवले आणि १९७५ साली सारा संग्रह शासनाला देऊन टाकला. तोही छंदच होता!

नीरा-भीमेच्या संगमी, नरसिंहपुरी, प्रल्हादाने वाळूचा नृसिंह घडवला अशी कथा आहे. वाळूचा देव मोडीत निघत नाही, हे त्या गावाचे नशीब. पण त्याच नृसिंहाला कुलस्वामी मानणाऱ्यांचे टाक चांदीचे असतात. तेव्हा गृहिणींनो, सोनाराकडे जाण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एवढे विचारा : हा वीर कोणाच्या नावाचा?