तीनशे ग्रॅमची गोष्ट

रविवारी पहाटे पापडीहून निघून निर्मळ, आगाशी करत अर्नाळ्यापर्यंत सायकली दामटल्या. वाटभर भाच्याचं एकच टुमणं : मामा, ही स्वस्तातली कार्बन फ्रेम विकून भारीतली घेऊ का? नवी ३०० ग्रॅमने हलकी आहे म्हणे. अरे, तू ७५ किलोचा, सायकल ८ किलोची. ३०० ग्रॅम म्हणजे एकूण वजनाचा अर्धा टक्काही नाही. अर्ध्या तासाच्या खड्या चढावर त्याने सहा-सात सेकंद वाचतील, आणि आपल्या या पट्ट्यात चढ म्हणाल तर रेल्वेवरचा उड्डाणपूल! युरोपातल्या पट्टीच्या गड्यांनाही यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, २००० सालापासून शर्यतीत सायकलचं वजन ६.८ किलोच्या खाली उतरू दिलेलं नाही. आपण कुठले लागून गेलो? फ्रेमला तडा गेलेला नाही आणि माप अंगाला बसतंय, तर ती बदलणं म्हणजे निव्वळ मिरवणं. मिरवायला माझी ना नाही, पण मग तसं सांगावं. आपल्या रस्त्यांवर, विशेषतः गणपतीनंतरच्या, खरा फरक टायरने पडतो. फ्रेममध्ये मावत असतील तर २५ ऐवजी २८ मिलिमीटरचे घाल, हवा जरा कमी ठेव. मनगटं दुवा देतील. सीटची उंचीही एकदा जाणत्या माणसाकडून लावून घे. हे सगळं त्याने मान डोलावत ऐकलं. परतताना आगाशीत अर्धा किलो सुकेळी घेतली. घरी पोचेपर्यंत त्यातली ३०० ग्रॅम त्याच्या पोटात होती.