एका औषधविक्रेत्याची बढती आणि मक्तेदारीचा धडा

औषधाची किंमत म्हणजे संशोधकाच्या बुद्धीचा मोबदला आणि औषध उद्योगाच्या संघटना म्हणजे जणू शास्त्रज्ञांची मंडळे, हा मक्तेदारी भांडवलाच्या भाटांचा आवडता युक्तिवाद आहे. ब्रिटनच्या ग्लॅक्सो कंपनीचे सूत्रधार सर हॅरी जेफकॉट (१८९१–१९७८) यांच्या कारकिर्दीच्या कसोटीवर हा युक्तिवाद घासून पाहावा.

जेफकॉट हे रेल्वे इंजिनचालकाचे पुत्र. रेडिच गावी औषधविक्रेत्याकडे त्यांनी उमेदवारी केली, रसायनशास्त्राची पदवी मिळवली आणि १९१९ मध्ये ‘ग्लॅक्सो’ नावाची दूध-भुकटी विकणाऱ्या जोसेफ नेथन कंपनीत प्रवेश केला. त्यांची बुद्धी व कष्ट कोणीही नाकारीत नाही. पण ज्या ज्ञानावर हे साम्राज्य उभारले गेले, ते कोणाचे होते? १९२४ चे ‘ऑस्टेलिन’ हे ड जीवनसत्त्वाचे औषध कोलंबिया विद्यापीठातील संशोधनातून आले. पेनिसिलीनची उपयुक्तता ऑक्सफर्ड विद्यापीठात फ्लोरी, चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केली. अमेरिकेतील पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेने त्याच्या मोठ्या उत्पादनाचा मार्ग खुला केला. आणि महायुद्धानंतर? त्याच पेनिसिलीनच्या उत्पादनतंत्रासाठी ग्लॅक्सोलाच अमेरिकन कंपन्यांना रॉयल्टी मोजावी लागली! ज्ञान समाजाचे, जकातनाका मात्र कंपनीचा.

१९४७ मध्ये जेफकॉट ब्रिटिश रासायनिक उत्पादकांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. त्यांच्याच कारकिर्दीत आलेल्या १९४९ च्या कायद्याने, १९१९ पासून बंद असलेले रासायनिक पदार्थावरील पेटंट ब्रिटनमध्ये पुन्हा खुले केले. हा एका व्यक्तीचा प्रताप नव्हे. इंजिनचालकाचा मुलगा अध्यक्षाच्या खुर्चीवर बसला म्हणून त्या खुर्चीचा वर्ग बदलत नाही.

भारताने याउलट मार्ग धरला. १९५४ मध्ये पिंपरीत सरकारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९७० च्या कायद्याने औषधाच्या पदार्थावरील पेटंट रद्द करून केवळ प्रक्रियेवरील पेटंट ठेवले. त्याचे फळ साऱ्या जगाने पाहिले. एड्सवरील ज्या उपचाराला पेटंटधारक कंपन्या वर्षाकाठी सुमारे १० हजार डॉलर घेत, तो सिप्लाने २००१ मध्ये ३५० डॉलरला देऊ केला. मग ‘संशोधनाच्या मोबदल्याचा’ हिशेब कोणता?

जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली २००५ मध्ये पदार्थावरील पेटंट भारतात परत आले. परंतु डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे कायद्यात कलम ३(ड) चा अडसर बसला आणि त्याच अडसरावर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नोव्हार्टिसचा कर्करोगावरील औषधाच्या पेटंटचा दावा कोसळला.

म्हणूनच प्रश्न सज्जन वा दुर्जन अध्यक्षांचा नाही. जनतेच्या पैशातून जन्मलेले ज्ञान जनतेच्या मालकीचे राहणार की नाही, हा आहे. कलम ३(ड) चे रक्षण, सक्तीच्या परवान्यांचा वापर, कडक किंमत नियंत्रण आणि सार्वजनिक औषध कारखान्यांचे पुनरुज्जीवन यांसाठीचा लढा हेच त्याचे उत्तर होय.