कॅमेरा मागच्या बाकावर
चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ या चित्रपटात (२०१४) कोणी टेबलावर मूठ आपटत नाही. मृणाल देसाई यांचा कॅमेरा मागच्या बाकावरच्या पक्षकारासारखा एका जागी बसून राहतो. पण असा लांबलचक शॉट म्हणजे सगळ्या युनिटची परीक्षा: मागे फाइल चाळणारा कारकून खोटा वाटला, की पुन्हा पहिल्यापासून. त्यात बरेच चेहरे कॅमेऱ्याला नवखे. आरोपी शाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार तर नागपूरचे कार्यकर्ते. निर्माते विवेक गोम्बर पदरचे पैसे घालून वर बचावाचे वकीलही झाले, आणि (निर्मात्याच्या हट्टाबद्दल आपल्या शंका असतात, तरी) पटलेही. सुवर्णकमळ मिळालं, व्हेनिसलाही गौरव झाला. मला मात्र सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णींचं ते निर्विकार, घाईघाईतलं कलमवाचन जास्त मोलाचं वाटतं.