'झाले' म्हणजे होणार!

बालमित्रांनो, फ्रेंचमधला जवळचा भविष्यकाळ मोठा गमतीचा. तिथे 'आले' म्हणजे जाणे! त्याचे रूप घ्यायचे नि पुढे मूळ क्रियापद ठेवायचे. 'मांजे' म्हणजे खाणे. मग मी खाणार, 'ज व्हे मांजे'. तू, 'त्यू वा मांजे'. तो, 'इल वा'. आम्ही, 'नू झालों'. तुम्ही, 'वू झाले'. ते, 'इल वों'. 'मांजे' मात्र जागचे हलत नाही. पुष्कळ मुले तेही बदलतात नि हातचे गुण घालवतात.

'वू झाले' ऐकून फसू नका हं, काम अजून व्हायचेच आहे! आईला 'ज व्हे एत्युदिए', म्हणजे 'मी अभ्यास करणार' म्हणालात, तर लगेच पुस्तक उघडा. काळ जवळचा आहे, बरं का!